खालून आलेला ठोका

मित्राला गाडीत बसवून यायचं, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. तसं आणखी एक काम होतं, पण ते हातासरशी उरकणारं म्हणून कोणी मोजलंच नव्हतं.

लिफ्टच्या कंपनीत या दोघांना कोणी नावाने हाक मारत नसे. एक वरचा आणि एक खालचा. वरचा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत उभा राहायचा, खालचा लिफ्टच्या तळाशी असलेल्या खड्ड्यात उतरायचा, आणि मधे सगळी इमारत. वरचा हा नुसताच उंटावरून शेळ्या हाकणारा, असं खालचा चारचौघांत म्हणायचा. खड्ड्यात राहून राहून याचा पार बेडूक झालाय, असं वरचा म्हणायचा. एकदा नव्या साहेबाने दोघांची खरी नावं विचारली, तेव्हा दोघांनाही क्षणभर आठवावी लागली होती. घरून खालच्याच्या आईचा फोन आला की तीसुद्धा आधी हेच विचारायची, वरचा बरा आहे ना? तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं, की त्याच्याशी कधी बोलली नव्हती. पण लेकाच्या जिवाला जीव देणारा तो, म्हणजे आपलाच, असं तिने ठरवून टाकलं होतं.

गच्चीवरून खड्ड्यात आवाज नीट पोचत नाही. तळाशी फोनला रेंज नसते. म्हणून ही मंडळी लोखंडाने बोलतात. लिफ्ट ज्या उभ्या रुळाला धरून वरखाली होते तो रूळ तळापासून गच्चीपर्यंत अखंड असतो. खालच्याने त्यावर पाना आपटला की वर रुळावर ठेवलेल्या तळहाताला कळतं. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे सोड, मी बाजूला आहे. इतकी वर्षं वरच्याने त्या ठोक्यांवर डोळे मिटून ब्रेक सोडला होता आणि खालचा दरवेळी धडधाकट बाहेर आला होता.

दोघांना हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आणखी एक नियम घालून दिला होता. काम संपलं की वरच्याने स्वतः खाली यायचं, खड्ड्यात डोकावायचं, आणि मगच खड्ड्याचं दार लावायचं. खालचा समोर उभा असला तरी डोकावायचं. या नियमावर दोघं फार हसायचे. माणूस समोर उभा असताना खड्ड्यात बघायचं तरी कोणाला? हसायचे, पण पाळायचे.

आता खालचा कायमचा घरी चालला होता. आईच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं आणि तिला दुसरं कोणी नव्हतं. लोकांना वर पोचवण्यात अर्धं आयुष्य गेलं, आता आईजवळ राहतो, असं तो हसत सांगायचा. वरचाही हसायचा आणि मग उगाच हत्यारं पुसत बसायचा. त्याला वाईट वाटत होतं आणि ते कसं बोलून दाखवायचं हे त्याला माहीत नव्हतं. ज्या माणसाशी लोखंडाने बोलायची सवय, त्याच्याशी तोंडाने काय बोलणार?

निघायच्या दिवशी सकाळी खालच्यानेच हट्ट धरला. एका जुन्या इमारतीची लिफ्ट तळाशी घासत होती. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शाळामास्तरीण राहायच्या, त्यांचे गुडघे गेलेले. गाडी दुपारची आहे, जाता जाता एवढं करून टाकू, असं तो म्हणाला. वरच्याने पुष्कळ सांगून पाहिलं, पण खालच्यापुढे शहाणपण चालत नसे. बॅग त्याने खाली वॉचमनकडे ठेवली, पाना कमरेला खोचला आणि तो खड्ड्यात उतरला. वरचा जिने चढून गच्चीवर गेला.

काम नेहमीसारखं चाललं होतं. दोन ठोके आले की तो ब्रेक सोडायचा, एक आला की धरायचा. मग एक ठोका आला. वरच्याचा हात थांबला. आणि श्वासभर उशिराने दुसरा आला.

तो उशीर त्याला खटकला. खालचा असं कधी ठोकत नसे. पण दोन म्हणजे दोन, त्याने ब्रेक सोडला. लिफ्टला तोलून धरणारं मागचं लोखंडी वजन खाली जाऊ लागलं, आणि मग कसलासा हिसका बसून सगळंच जागच्या जागी थांबलं. खड्ड्यातलं लिफ्ट थांबवायचं बटण दाबलं की असं होतं. वरच्याने रुळावर पाना आपटून विचारलं, उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. मग तो पुटपुटत जिने उतरू लागला.

तळमजल्यावर खालचा बाहेर येऊन उभा होता. बॅग खांद्यावर. खड्ड्याचं दार लावलेलं.

"झालं," तो म्हणाला. "चालवून पाहिली मी. चल."

वरच्याची नजर दाराकडे गेली. नियम आठवला, मिस्त्रीसुद्धा आठवला. पण गाडीची वेळ होत आली होती, माणूस समोर उभा होता, आणि आज शेवटच्या दिवशीही तोच जुना विनोद करायचं त्याच्या जिवावर आलं. कुलूप घालून तो निघाला.

स्टँडवर गाडी लागलेली होती. खालच्याने खिडकीची जागा घेतली आणि वरचा खाली खिडकीशी उभा राहिला. त्याने हात वर केला तेव्हा खालच्याने तो धरला. हात स्वच्छ होता, कोरडा आणि गार. खड्ड्यातून आल्यावर खालच्याच्या हाताचा ग्रीसचा वास दोन दोन दिवस जात नसे. आईसाठी घासून धुतले असतील, असं वरच्याला वाटलं.

"वरच्या, आमचं घर कसं आहे, सांग ना."

"मला काय विचारतोस? घर तुझं."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय. जाता जाता."

वरच्याने ते घर कधी पाहिलं नव्हतं, पण रोज डबा खाताना इतकं ऐकलं होतं की डोळे मिटून जाऊन आला असता. त्याने सांगितलं. पाण्याच्या टाकीपासून आत वळणारी गल्ली. निळं दार, खांद्याने ढकलल्याशिवाय न उघडणारं. आई लहानपणच्या कुठल्या नावाने हाक मारते ते. डोळे अधू झाल्यापासून ती लेकाच्या चेहऱ्यावरून हात फिरवते आणि उजव्या कानामागची भाजल्याची खूण बोटाला लागली की तिला पटतं, हेही सांगितलं. सांगता सांगता तो हसत होता आणि डोळेही पुसत होता. खालचा एकेक शब्द टिपून घेत होता. मग त्याने दुसऱ्या हाताचं बोट आपल्या उजव्या कानामागे नेलं आणि तिथे सावकाश फिरवत राहिला, काही सापडत नसल्यासारखं. रडू आवरतोय, असं वरच्याला वाटलं.

गाडी हलली. हात सुटला. धुरळा खाली बसेपर्यंत वरचा तिथेच उभा होता. तिथून तो कुठल्या रस्त्याने परतला असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. भानावर आला तेव्हा तो कंपनीच्या गोदामात बसला होता, ऊन उतरलं होतं, आणि फोन वाजत होता.

फोन त्या इमारतीच्या वॉचमनचा होता.

"मिस्त्री, तुम्ही गेल्यापासून लिफ्ट हललेली नाही. आणि..."

"आणि काय?"

"आतून ठकठक येते. थांबून थांबून. कोणी जवळ जाईना, म्हणून फोन केला."

वरचा पोचला तेव्हा शाळामास्तरीण तळमजल्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेजारी भाजीची पिशवी. जिना चढवेना म्हणून दुपारपासून अशाच बसलेल्या. दुरुस्ती म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं, असं त्यांनी वरच्याला ऐकवलं. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या की ती ठकठक त्यांना बरी वाटत नाही. बिघडलेलं यंत्र कसंही ठोकतं. हे ठोकणारं एकदाच ठोकतं आणि मग वाट पाहतं.

वरच्याने लिफ्टचं बटण दाबून पाहिलं. मेलेलं. खड्ड्यातलं बटण दाबलेलंच राहिलं असणार, आणि ते खड्ड्यात उतरल्याशिवाय दाबताही येत नाही की सोडवताही येत नाही. घाईत खालचा विसरला! आयुष्यातली त्याची ही पहिली चूक, तीही शेवटच्या दिवशी. उद्या फोनवर याची यथेच्छ चेष्टा करता येईल, असं मनात येऊन वरच्याला बरंही वाटलं. ठकठकीचं काय, दोर आखडतात, पत्रे वाजतात. खरं तर त्याने तिथल्या तिथे खड्ड्याचं दार उघडायला हवं होतं. पण पायांना सवय वर जायची. तो जिने चढून गच्चीवर गेला, मशीनच्या खोलीत शिरला, आणि का कोण जाणे, त्याने रुळावर तळहात ठेवला. मित्र गेल्यावर माणूस त्याच्या खुर्चीवर हात ठेवतो, तसा.

रूळ गार होता. खोलीत तापलेल्या तेलाचा वास होता. कुठेतरी खालच्या मजल्यावर दार आपटलं. मग काहीच नाही.

आणि मग तळहाताला एक ठोका लागला.

वरच्याने हात झटकन काढला. तो ठोका यंत्राचा नव्हता. आपल्या माणसाचा खोकला भिंतीपलीकडूनही ओळखू यावा, तसा तो ओळखीचा होता. पाना जरा तिरका धरून मारलेला, शेवटी किंचित घासणारा. जगात असा ठोका एकच माणूस मारत असे, आणि त्या माणसाला वरच्याने आपल्या हाताने गाडीत बसवून दिलं होतं.

त्याने पाना उचलला आणि रुळावर मारला.

खालून ठोक्यांचा नुसता पाऊस पडला. एक, एक, एक, एक. थांब, थांब, थांब.

तो कसा उतरला ते त्यालाच ठाऊक. कुलपात किल्ली जाईना, वॉचमनने धरून ती फिरवली. दार उघडलं तसा ग्रीसचा आणि ओलीचा वास अंगावर आला. खड्ड्याच्या कोपऱ्यात, वजनाच्या खालच्या चौकटीखाली पाय अडकलेला, डोक्यापासून पायापर्यंत काळा झालेला खालचा बसला होता. हातात पाना. वरच्याच्या हातातल्या दिव्याचा उजेड तोंडावर पडताच त्याने डोळे मिटून घेतले.

"किती वेळ ठोकतोय मी," तो म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता, जेमतेम ऐकू येईल इतका. "कुठे होतास तू?"

वरच्याच्या तोंडून जे खरं होतं तेच बाहेर पडलं.

"तुला गाडीत बसवून आलो."

मागे काहीतरी आपटलं. वॉचमनच्या हातातली किल्ली पडली होती. त्याने स्वतः यांना बॅग उचलून दिली होती, यांनी मान हलवली होती, असं तो दोनतीनदा म्हणाला. मग तो पाठ न वळवता मागे मागे सरकत फाटकाबाहेर गेला आणि परत आलाच नाही. शाळामास्तरीण मात्र उठून आल्या. गुडघे विसरून त्यांनी दिवा धरला, आणि त्या उजेडात वरच्याने पहारीने चौकट उचलून पाय मोकळा केला. पाय सुजला होता, पण तुटलेला दिसत नव्हता. काखेत हात घालून वरच्याने त्याला बाहेर ओढलं आणि दाराशी भिंतीला टेकवून बसवलं. अंग गरम होतं. घामाचा, ग्रीसचा, माणसाचा वास येत होता. वरच्याने त्याचा हात जो धरला तो सोडलाच नाही. शाळामास्तरीण शेजाऱ्यांपैकी कोणाची गाडी मिळते का बघायला निघाल्या.

पाणी पिऊन झाल्यावर खालचा बोलू लागला, तुटक तुटक. त्याने एकच ठोका दिला होता. थांब म्हणून. पाय वजनाखाली होता, काढायला वेळ हवा होता.

"दोन आले," वरचा म्हणाला. "दुसरा उशिरा आला, पण आला."

"तो मी दिला नाही."

"मग कोणी दिला?"

"माझ्या मागून आला." खालचा थांबला. "मागे भिंत आहे, वरच्या. तुला माहीत आहे. मागे नुसती भिंत आहे."

कसंबसं बटण दाबून त्याने वजन थांबवलं होतं. मग दिवा विझला, आणि अंधारात कोणीतरी त्याच्या अंगावरून वर चढून गेलं. पायऱ्यांवर पाय न वाजवता. वर दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज त्याने ऐकला. ओरडायला गेला तर घशातून नुसती हवा निघाली, आणि हातून निसटलेला पाना अंधारात सापडेना. त्यानंतर त्याने ऐकला तो आपलाच आवाज. झालं. चालवून पाहिली मी. चल.

वरच्याला खिडकीतला तो गार हात आठवला, कानामागे फिरणारं ते बोट आठवलं, आणि आपण काय करून बसलो हे त्याला एकदम कळलं. त्याने सगळं सांगितलं होतं. गल्ली, दार, आईची हाक, खूण. जे जे त्या गाडीतल्याला ठाऊक नव्हतं ते ते वरच्याने प्रेमाने, डोळे पुसत सांगितलं होतं.

वरच्याने हे सांगितल्यावर खालचा एवढंच म्हणाला, "आई एकटी आहे."

खालच्याचा फोन बॅगेत होता आणि बॅग गाडीतून गेली होती. आईकडे स्वतःचा फोन नव्हता, ती शेजारणीच्या फोनवरून बोलायची. शेजारणीचा नंबर होता तो त्याच फोनमध्ये. वरच्याने खालच्याचाच नंबर लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा. गाडी एव्हाना केव्हाच पोचली असेल, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते बोलत नव्हते. बाहेर तिन्हीसांजा झाल्या. इमारतीतले दिवे लागले.

मग वरच्याच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, खालचा. शेजारी बसलेल्या खालच्याने ते वाचलं आणि वरच्याचा हात आणखी घट्ट धरला. वरच्याने आवाज मोठा करून फोन दोघांच्या मधे धरला.

"कोण बोलतंय?" म्हातारा, प्रसन्न आवाज. "किती वेळा फोन केलात. तो उचलत नव्हता, म्हणून मीच हिरवं बटण चाचपून दाबलं."

"आई," खालचा म्हणाला. बसलेला आवाज आणखीच फाटला. "आई, मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

"अगं, मी. तुझा..."

"चेष्टा करू नका बाबा म्हातारीची. माझा मुलगा आजच कायमचा घरी आलाय. समोर जेवायला बसलाय."

खालच्याने डोळे मिटले. वरच्याला राहवेना. शक्य तितक्या हळू त्याने विचारलं, मावशी, तुम्ही त्याला नीट ओळखलंत ना? त्यावर ती हसली. डोळ्यांनी कुठली ओळखू, म्हणाली, हात फिरवला. कानामागची खूण बोटाला लागली तेव्हा जीव भांड्यात पडला.

वरच्याची नजर नकळत शेजारी, खालच्याच्या उजव्या कानामागे गेली. तिथे ग्रीसचा जाड थर होता. त्याखालचं काही दिसत नव्हतं. दिसलं नाही याचंच त्याला बरं वाटलं, आणि तसं बरं वाटल्याची लाजही वाटली.

"मावशी, ऐका माझं. काहीतरी निमित्त काढा आणि शेजारी जा. आत्ताच्या आत्ता."

"पण तुम्ही कोण?"

"मी वरचा."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग ती बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता, फोन तोंडाजवळ धरल्यासारखा.

"वरचा तर इथे आहे. त्याला पोचवायला आलाय ना... दोघं बरोबरच आले. तो आत हात धुतोय." ती थांबली. "थांबा, आलाच तो. त्यालाच देते."

"मावशी, नको..."

फोन पलीकडे हातोहात गेला. बांगड्या वाजल्या, कापड घासलं. कोणीतरी सावकाश श्वास घेतला.

"बोला," तो आवाज म्हणाला.

तो आवाज आपलाच आहे हे वरच्याने ओळखलं, पण त्याच्या आधी खालच्याने ओळखलं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या भरवशावर तो खड्ड्यात उतरला होता, त्याच्याकडे त्याने मान वळवून पाहिलं. चेहरा, कपडे, मग हात. वरच्याच्या मुठीतून त्याने आपली बोटं एकेक करून सोडवून घेतली आणि दुखरा पाय ओढत तो भिंतीच्या कडेकडेने दूर सरकू लागला.

अरे, मी आहे, असं म्हणायला वरच्याने तोंड उघडलं.

ते शब्द त्याच्याआधी फोनमधून आले.